एस्तेरबाईंचं वाक्य

"तुम्ही घरी कुठली भाषा बोलता?" एफीने विचारलं आणि माझ्या बशीत दुसरं उकडलेलं अंडं ठेवलं.

मी मराठी म्हटलं. तिने तो शब्द तोंडात दोनदा घोळवला, खिडकीबाहेर पाहिलं, मग हात पुसत माझ्यासमोर येऊन बसली. तोवर ती कधी बसली नव्हती.

रविवार होता. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या त्या बेटांच्या उत्तर भागात रविवारी काहीही हलत नाही. बोट नाही, बस नाही, दुकान उघडं नाही. देवाचा वार म्हणून दोरीवर कपडेसुद्धा वाळत घालत नाहीत. मी शनिवारी संध्याकाळी उतरले होते आणि सोमवारी सकाळच्या बोटीपर्यंत अडकले होते. त्या बेटाचं नाव मी इथे लिहीत नाही. तिथे शंभरसव्वाशे माणसं राहतात. नाव लिहिलं तर कोणाबद्दल बोलतेय हे त्यातल्या प्रत्येकाला कळेल.

ही २००८ सालच्या जूनची गोष्ट. मी बावन्न वर्षांची होते. औरंगाबादच्या खंडपीठात भाषांतरकार म्हणून नोकरी करत होते आणि आयुष्यात पहिल्यांदाच सलग महिनाभराची रजा घेतली होती. दक्षिणेच्या टोकाच्या बेटापासून सुरुवात करून एकेक बेट चढत वर जायचं, घाई करायची नाही, कोणाला सोबत घ्यायचं नाही, एवढंच ठरवलं होतं. बोटीने उतरायचं, मिळेल त्या बसने जायचं, नाहीतर चालायचं. एकेरी रस्ते, दोन्ही बाजूंना काळं पाणी साचलेली दलदल, जळणासाठी कापून रचून ठेवलेले मातीचे तुकडे, रस्त्यात बसलेल्या मेंढ्या. पश्चिमेच्या किनाऱ्याला शिंपल्यांच्या वाळूवर फुलांनी भरलेलं सपाट रान. त्याला ते लोक 'माखर' म्हणतात, आणि ते ऐकून मला गणपतीचं मखर आठवलं होतं. तेरा दिवसांत मी नऊ बेटं केली होती, आणि तिकीट व खोली मागण्यापलीकडे कोणाशी फारसं बोलले नव्हते. एकट्या का फिरताय, असं लोक विचारत. मी हौस म्हणून सांगायची. ते खरं नव्हतं, पण त्यावर पुढे कोणी विचारत नसे.

एफी मॅकास्किल ही माझी घरमालकीण. साठीची, विधवा, दोन खोल्या पाहुण्यांना देणारी. तिने सांगितलं ते असं. रस्त्याच्या शेवटच्या घरात एक म्हातारी राहते. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी बेटावरचा एक बोटीचा इंजिनिअर मुंबईत पाय मोडून दवाखान्यात पडला होता, तेव्हा तिथल्या नर्सशी लग्न करून तो तिला इथे घेऊन आला. तिने सगळ्या बेटाची बाळंतपणं केली. एफीची दोन्ही मुलं तिच्याच हातची. इंग्रजी तर तिला येतच होतं, इथली गेलिक भाषाही ती अशी शिकली की चर्चमध्ये तिच्याकडून प्रार्थना म्हणवून घ्यायचे. नवरा वारला. मग दोन वर्षांपूर्वी तिचं डोकं विसरायला लागलं. आधी इंग्रजी गेलं, मग गेलिकही गेली. आता जे काही ती बोलते ते कोणालाच समजत नाही. मुलगी कत्रीना ग्लासगोची शाळेतली नोकरी सोडून आली आणि एकटी तिचं सगळं करते.

"दोन वर्षं ती पोर आईचं बोलणं ऐकतेय," एफी म्हणाली. "एक शब्द कळत नाही. तुम्ही तासभर जाल का?"

मला जायचं नव्हतं. पण बोट नव्हती आणि नाही म्हणायला कारणही नव्हतं.

ते घर पांढरं, ठेंगणं होतं. मागे लगेच समुद्र. कत्रीनाने दार उघडलं. उंच, बेचाळीस वर्षांची, तांबूस केसांची, आणि चेहरा मात्र आपल्याकडचा. जालन्याच्या बाजारात दिसली असती तर मी दुसऱ्यांदा वळून पाहिलं नसतं, केस सोडले तर. तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला. तिचे हात बर्फासारखे होते. नुकतीच आईची चादर धुऊन आली असावी, रविवार असूनही.

म्हातारी खिडकीपाशी खुर्चीत होती. बारकी, सुरकुतलेली, मांडीवर घोंगडी. मी समोर स्टूल ओढून बसले आणि काय बोलावं ते न सुचल्याने विचारलं, "मावशी, तुम्ही कुठल्या?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "आलीस का? किती येळ लावला."

तिचं नाव एस्तेर उजागरे. जालन्याची. मी औरंगाबादची आहे म्हटल्यावर तिने माझ्या गुडघ्यावर हात आपटला आणि हसली. स्वयंपाकघराच्या दारात कत्रीना उभी होती, तिने तोंडावर हात घेतला. आई वर्षभरात हसली नव्हती, असं ती मला नंतर म्हणाली.

पुढचा पाऊण तास म्हातारी बोलत होती आणि मी ऐकत होते. मिशनच्या आवारातली विहीर, घंटा वाजवणारा लंगडा शिपाई, उन्हाळ्यात छपरावर टाकलेल्या कुरडया, बहीण मार्था, तिची जीभ किती तिखट. सगळं तिला काल घडल्यासारखं दिसत होतं. मधूनच ती मला मार्था समजायची. मी मध्ये मध्ये थांबून कत्रीनाला इंग्रजीत सांगत होते. तिने एक वही आणली. विहीर, घंटा, कुरडया. कुरडई म्हणजे काय ते मला हातवारे करून समजवावं लागलं. ती पोरवयाच्या विद्यार्थिनीसारखी भराभर लिहीत होती. आईच्या लहानपणाबद्दल तिला जवळजवळ काहीच माहीत नव्हतं. आई तिकडचं कधी बोलायचीच नाही, ती म्हणाली.

मग म्हातारी दुसऱ्याच कशाकडे वळली. आवाज खाली गेला. ती दानीबद्दल बोलायला लागली. पुढचं सगळं मी कत्रीनाला लगेच सांगितलं नाही, नुसतं ऐकत राहिले. दानी म्हणजे दानिएल, तिचा मुलगा. पहिला नवरा लग्नानंतर तीन वर्षांत टायफॉईडने गेला होता, आणि मुलाला जालन्याला मार्थापाशी ठेवून ती मुंबईला नर्सिंगला आली होती. या गोऱ्याशी लग्न करून बोटीत चढली तेव्हा दानी चार वर्षांचा होता. वर्षभरात येते आणि तुला नेते, असं त्याला सांगितलं होतं. वर्षभरात ती इथे गरोदर राहिली. डॉक्टरांनी प्रवासाला बंदी केली. मग पोर झाली, अशक्त, सारखी आजारी. मग मार्थाचं पत्र आलं की दानी घटसर्पाने गेला.

"दारात बसायचा म्हणं," म्हातारी म्हणाली. "टांगा आला की उठायचा."

कत्रीना चहा घेऊन आली. मला वाटलं ती दानीबद्दल विचारेल, कारण ते नाव तिने ऐकलं असणार. पण तिच्या मनात दुसरंच होतं. ती आईच्या मागे उभी राहिली, खिशातून कंगवा काढला आणि तिचे विरळ केस विंचरायला लागली. विंचरता विंचरता लाजल्यासारखी हसून मला म्हणाली की एक गोष्ट विचारायची आहे. आई एकच वाक्य सारखं म्हणते. रोज झोपवताना तर हमखास. वडील सांगायचे की कत्रीना पाळण्यात असताना आई तिच्यावर वाकून तिच्या भाषेत काहीतरी गुणगुणायची, तेच हे असणार. मला ते पाठ झालंय, ती म्हणाली. मीही आता ते तिला म्हणून दाखवते. मी म्हटलं की ती शांत होते.

आणि तिने ते म्हटलं. चाल लावून, अंगाईसारखं, प्रत्येक अक्षर चुकीच्या जागी तोडत.

"ही जाली नस्तीतर मी मागारी गेलेस्ते."

मला पहिल्यांदा समजलंच नाही. तिने पुन्हा म्हटलं. तिसऱ्या वेळी कंगव्याखालून म्हातारीनेच ते तिच्याबरोबर म्हटलं, सरळ, स्वच्छ.

"ही झाली नसती तर मी माघारी गेले असते."

कत्रीना माझ्याकडे पाहत होती. "अंगाईच आहे ना?" तिने विचारलं.

मी तीस वर्षं भाषांतर करत होते. जबान्या, मृत्युपूर्व जबाब, शेजाऱ्यांच्या शिव्या, खून करणाऱ्यांची पत्रं. जे आहे ते द्यायचं, हे माझ्या अंगात मुरलं होतं. पण त्या खोलीत न्यायाधीश नव्हता आणि मी शपथ घेतलेली नव्हती. हो, अंगाईच आहे, एवढे तीन शब्द बोलले असते तर काय झालं असतं? एफीच्या घरी जाऊन जेवले असते. दुसऱ्या दिवशी बोट पकडली असती.

"नाही," मी म्हटलं. "अंगाई नाही."

तिला वाक्याचा अर्थ सांगितला. शब्दशः. 'ही' म्हणजे कोण ते तिने विचारलं, तेही सांगितलं. माघारी म्हणजे कुठे, तेही. मग आपसूकच पुढचं सगळं आलं. दानी, चार वर्षांचा, मार्थाचं दार, टांगा, घटसर्प. मी मध्ये थांबले नाही. कोर्टात वाचून दाखवते त्याच आवाजात, एका पट्टीत, मी ते सांगितलं. कत्रीनाचा हात आईच्या डोक्यावर तसाच राहिला होता, कंगवा केसांत अडकलेला.

म्हातारी मान वर करून मुलीकडे पाहत होती. मग तिने डोक्यावरचा तो हात धरून खाली ओढला, आपल्या दोन्ही हातांत चोळला आणि माझ्याकडे वळून काहीतरी बोलली. दोनतीन वाक्यं.

"आता काय म्हणाली?" कत्रीनाने विचारलं.

"थंडी वाजतेय म्हणतात," मी म्हटलं.

कत्रीनाने अंगातला लोकरी स्वेटर काढला आणि आईच्या खांद्यांवर घातला. बाह्या नीट समोर आणून गाठ मारली. ती आता अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात उभी होती आणि तिच्या दंडांवर काटा आला होता. तिने माझे आभार मानले. चहा घ्या म्हणाली. मी घेतला.

त्या संध्याकाळी मी किनाऱ्याने फिरून परत येत होते. तिकडे जूनमध्ये नऊ वाजताही लख्ख उजेड असतो. रस्ता त्यांच्या खिडकीखालून जात होता. आत म्हातारीचा आवाज आला, तेच वाक्य. थोडा वेळ थांबून पुन्हा तेच. मग पुन्हा, जरा मोठ्याने, कोणी उत्तर देत नसलं की माणूस बोलतं तसं. दुसरा आवाज आला नाही. मी पाच मिनिटं उभी होते. सहाव्यांदा म्हणताना ती रडत होती.

सोमवारी सकाळी बोटीच्या धक्क्यावर कत्रीना आली. एफीला आईपाशी बसवून आली होती. रात्रभर झोपली नसावी. तिने मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, एकच विचारायचंय. डोकं असं झालेलं माणूस काहीही बरळतं ना? त्याच्या बोलण्याला अर्थ असतोच असं नाही ना?

ती माझ्याकडे काय मागत होती ते आंधळ्यालाही दिसलं असतं.

"मी डॉक्टर नाही," मी म्हटलं. "वाक्य पूर्ण होतं. त्यात कुठे चूक नव्हती."

तिने मान हलवली. माझी बॅग उचलून बोटीच्या फळीपर्यंत आणून दिली. मी नको म्हणत होते तरी.

बोट सुटली आणि मी डेकवर उभी राहिले. आता सांगते, कारण त्याशिवाय हे सगळं नुसतंच दुष्टपणाचं दिसेल, आणि सांगितल्यावरही दिसेल तर दिसू दे.

माझी आई त्याच वर्षी फेब्रुवारीत गेली होती. सहा वर्षं अंथरुणात. सहाही वर्षं मी एकटीने केलं. कोर्टातून आले की आधी तिचं, मग माझं. जखमा होऊ नयेत म्हणून रात्री दोनदा उठून कुशीवर वळवायची. भाऊ विलास कॅनडाला; वर्षातून दोन फोन. आणि आई रोज दारात पाऊल वाजलं की विचारायची, विलास आला का? मी आहे म्हटलं की तोंड भिंतीकडे फिरवायची. मरायच्या आदल्या दिवशी शेजारच्या सुमनताईंना म्हणाली, एकाच लेकरावर भागवलं असतं तर बरं झालं असतं. सुमनताईंनी मला जवळ घेऊन सांगितलं की तिला तसं म्हणायचं नव्हतं, तिला शुद्ध नव्हती. शुद्ध होती. मी चमच्याने पेज भरवत होते, तिने आधी तोंडातला घास गिळला आणि मग ती बोलली.

त्यानंतर मला माणसं नको झाली होती, म्हणून मी त्या बेटांवर गेले होते. आणि तिथे एक बाई माझ्यापुढे उभी राहिली, माझ्यासारखीच आईपायी आयुष्याचं वाटोळं करून, धुऊन पुसून माझ्यासारखेच हात झालेली, आणि तीच शिवी अंगाई समजून गात होती. तिला गाताना ऐकलं आणि मला तिचा राग आला. हिला हे सुख का मिळावं, असं वाटलं. मला ते ऐकण्यापासून कोणी वाचवलं नव्हतं.

उरलेली बेटं मी ठरल्याप्रमाणे केली. उत्तरेच्या टोकाला दीपगृह आहे, तिथे वारा असा की सरळ उभं राहता येत नाही. समुद्रपक्षी वरून सुळकांडी मारून पाण्यात घुसत होते. मी दोन तास पाहत बसले. मजा आली, हेही खरंच सांगायला हवं. मन हलकं झालं होतं.

दीड वर्षाने एफीचं पत्र आलं. पाहुण्यांच्या वहीतून पत्ता घेतला होता. तिने सरळ लिहिलं होतं, दोष न देता. मी गेल्यावर कत्रीना आईला जेवण, आंघोळ, औषध सगळं वेळच्या वेळी देत होती, पण बोलायची बंद झाली होती. केस कापून टाकले तिने आईचे, अगदी बारीक, म्हणजे विंचरायला नकोत. पुढच्या वर्षी सप्टेंबरात आईला मुख्य भूमीवरच्या एका वृद्धांच्या आश्रमात ठेवलं आणि स्वतः ग्लासगोला परत गेली. तिथल्या काळजी घेणाऱ्या मुली चांगल्या होत्या, एफीने लिहिलं होतं, पण एस्तेर दिवसभर ते आपलं काहीतरी म्हणत राहायची आणि कोणी परत म्हणेना म्हणून अस्वस्थ व्हायची, शेवटी झोपेचं औषध द्यायला लागले. नोव्हेंबरात गेली. ज्या बाईने बेटावरची निम्मी माणसं जगात आणली तिच्या दफनाला सगळं बेट आलं. कत्रीना आली, सगळं व्यवस्थित केलं, आणि संध्याकाळच्या बोटीने गेली. रडली नाही. पत्राच्या तळाशी एफीने कत्रीनाचा ग्लासगोचा पत्ता दिला होता, का ते लिहिलं नव्हतं.

मी तीन आठवडे तो कागद टेबलावर ठेवला. मग कत्रीनाला पत्र लिहिलं. क्षमा मागितली नाही. ती मागायचा मला हक्क नव्हता. एवढंच लिहिलं की त्या दुपारी तुमच्या आईच्या बोलण्याचा शेवटचा भाग मी चुकीचा सांगितला. त्यांना थंडी वाजत नव्हती. तुमचा हात हातात घेऊन त्या जे म्हणाल्या ते मी आधी मराठीत, रोमन अक्षरांत लिहिलं आणि खाली भाषांतर.

"माझ्या लेकीचे हात बघ किती गार पडलेत. दिसभर माझंच करती. तिच्या अंगावर काहीतरी घाल गं, माय."

एक अक्षर कमी नाही, जास्त नाही. त्या दुपारपासून ते माझ्या कानात जसंच्या तसं होतं.

उत्तर लवकर आलं. छोटं कार्ड, शाळेतल्या बाईंचं असतं तसं गोल, सुवाच्य अक्षर.

प्रिय वैजयंती, तिने लिहिलं होतं, तुमचं पत्र मिळालं. आई गेल्याचं कळल्यावर तुम्ही मला बरं वाटावं म्हणून एवढा त्रास घेतलात, तुम्ही मनाने चांगल्या आहात. पण त्या दिवशी तुम्ही माझ्याशी खरं बोललात, त्याबद्दल मी तुमचा आदर करते. तो तसाच राहू द्या. कृपा करून आता माझ्यासाठी काही रचू नका.

खाली पूर्ण सही होती. मी आणखी दोनदा लिहिलं. दोन्ही पाकिटं न उघडता परत आली.